लवंगेची खूण

“मुंबईत फ्रेंच उस्तादाच्या हाताखाली होतात म्हणे… मग तुम्हाला फ्रेंचमध्ये तरी हसता येतं का?”

नसीमने विचारलं आणि कच्च्या नानकटायांचा पत्रा दोन्ही हातांनी घट्ट धरून ती तशीच उभी राहिली. मागे, ओट्याच्या कडेला, तिच्या वर्गमैत्रिणी लंका आणि नवसा एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खिदळत होत्या. प्रश्न त्यांचाच होता. नाशिकच्या भद्रकालीतल्या नजीर चाचांच्या बेकरीत त्यांचा पुतण्या जमील मुंबईहून आला होता. उंच, भुवया पिठाने पांढऱ्या, आणि हसताना त्याला कोणी म्हणून पाहिलेलं नव्हतं. नसीमने त्याला हे विचारलं, तर शिवणाच्या तासाची तिची सगळी बटणांची काजं आपण करू, असं लंकाने शाळेत कबूल केलं होतं. आणि काजं करायचा नसीमला भारी कंटाळा.

गेल्या वर्षीची नसीम असती तर पत्रा तिथेच टाकून पळाली असती. पण दिवाळीआधी शाळेच्या वादविवादात ती उभ्याने बोलली होती, ढाल घेऊन घरी आली होती, आणि तेव्हापासून तिची मान जरा वरच होती.

जमीलने पत्रा घेतला, तिच्याकडे पाहिलं… आणि पुन्हा पत्र्याकडे पाहिलं.

“भट्टीपाशी हसू करपतं,” तो म्हणाला. “तुमची खूण?”

“लवंग. मधल्या नानकटाईवर.”

थंडी पडली की गल्लीतल्या बायका घरूनच मैदा, तूप, साखर मळून नानकटाया वळत आणि भाजायला बेकरीत पाठवत. सकाळचे पाव निघाले की भट्टीच्या उतरत्या आचेवर या पत्र्यांची पाळी. पत्रे बदलू नयेत म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणाचा बदाम, कुणाच्या बोटाचा ठसा. नसीमच्या अब्बांचं, इब्राहिमभाईंचं, मसाल्याचं आणि सुक्या मेव्याचं दुकान. तेव्हा त्यांची लवंग.

पैज जिंकली, काजंही झाली. पण नसीमला मात्र त्या दिवसापासून नानकटायांची भलतीच आवड लागली. अम्मी, हुस्नबानो, कौतुकाने म्हणे, पोरीला संसाराचं वळण लागलं. वळण लागलंच होतं. फक्त ते बेकरीकडे जात होतं.

जमील हसत नसे, पण बोलायला लागला. फ्रेंच उस्ताद बदामाची बारीक पूड, साखर आणि अंड्याचं पांढरं यांची एक मिठाई करायचा — माकारों. वरून अंड्याच्या कवचासारखी पातळ, आत मऊ, आणि दोन चकत्यांच्या मध्ये साय. खालच्या कडेला तिला झालर फुटते. झालर फुटली तर माकारों, नाही तर नुसती बदामाची चकती. इथे येऊन त्याने दोनदा केली होती आणि दोन्ही वेळा अंड्याचं पांढरं फेसाळलंच नव्हतं. चाचांनी बजावलं होतं की आता एकदाच. त्यानंतर अंडी फोडायची ती आम्लेटापुरती.

“म्हणून हसत नाही होय,” नसीम म्हणाली.

“म्हणूनही,” तो म्हणाला, आणि राख ओढायला वळला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. भट्टीची आच असेल… असेलही.

तेवढ्यात घरी मालेगावचं स्थळ आलं. मागवाल्यांचं मोठं घर. मुलाची आई खुर्शीदा खाला रविवारी नसीमला बघायला येणार होती. शाळेत उशिरा घातल्यामुळे नसीम अठरा पूर्ण होऊनही मॅट्रिकच्याच वर्गात होती, आणि परीक्षा मार्चमध्ये. पसंती आली तर त्याआधीच निकाह, मग कसली परीक्षा. अब्बा हे इतक्या मायेने सांगत होते, की नसीमला भांडताच येईना. ढाल जिंकलेली जीभ घरात मात्र टाळूला चिकटून बसली.

तिने एवढंच म्हटलं, “पाहुण्यांपुढे मी केलेलं काहीतरी ठेवूया. बदामाचं.” अब्बांनी खूश होऊन तुकडा बदाम दिला, आणि भावही न सांगता दालचिनी, सुंठ, जायफळ.

शनिवारी सकाळी ती जमीलसमोर उभी राहिली. “शेवटची खेप माझ्यासाठी करा. उद्या मला ती लागणार आहे.”

कशासाठी, ते तिने सांगितलं. त्याने हातांवरचं पीठ झटकलं. मग म्हणाला, “तुमच्या पाहुण्यांसाठी मी मिठाई करू?”

“माझ्यासाठी करा म्हटलं मी.”

त्याने परात पुढे ओढली. नसीमने सहज तिच्यावरून बोट फिरवलं, आणि दोन बोटं एकमेकांवर घासून पाहिली. बोटं सुळकन घसरली.

“ही परात कशाची?”

“नानकटाईची.”

“आणि माकारों फसली तेव्हाची?”

“सगळ्याच परातींत…” तो थांबला. या बेकरीत तूप न लागलेलं भांडंच नव्हतं. वर्षानुवर्षं तळव्याने घासून घासून तूप फेटलेल्या त्या पराती; कितीही धुतल्या तरी ओशट. मुंबईत भांडं लख्ख होऊन आयतं हातात यायचं. इथे त्याने सगळा दोष अंड्यांना दिला होता.

“तुपाच्या अंगाला पाणी लागत नाही, मग फेस कसा धरेल?” नसीम म्हणाली. “माझ्या घरी एक भांडं आहे. त्याला तूप काय, पाणीसुद्धा लागलेलं नाही.”

ते होतं तिच्या लग्नासाठी तांबट गल्लीतून घेतलेलं, अंघोळीच्या पाण्याचं तांब्याचं घंगाळ. चादरीत गुंडाळून पलंगाखाली ठेवलेलं. अम्मी बाजारात गेल्याबरोबर लंका आणि नवसा ते दोन्ही कड्यांना धरून घेऊन निघाल्या. कुणी विचारलंच तर कल्हईला नेतोय म्हणायचं, असं लंकाने ठरवलं होतं. वाटेत एका तांबटाने विचारलंच. आणि घंगाळाला कल्हई कोण करतं गं पोरींनो, म्हणून तो इतका हसला की दोघींनी धूम ठोकली.

लिंबू आणि मीठ लावून नसीमने घंगाळ आतून घासलं. गुलाबी, कोवळं तांबं उजळून निघालं. जमीलने मुंबईहून आणलेली तारेची रवी हातात घेतली, पांढरं ओतलं, आणि फेटायला लागला… आधी बुडबुडे, मग फेस, मग ढग. त्याने घंगाळ उलटं धरलं. ढग हलला नाही. नवसाने डोक्यावर घेतलेला पदर भीतीने तसाच धरून ठेवला होता.

बदाम, साखर मिसळून कागदाच्या सुरळीतून रुपयाएवढ्या चकत्या पडल्या. बोटाला चिकटेनाशा होईपर्यंत त्या गोदेवरून येणाऱ्या कोरड्या गार वाऱ्यात वाळवल्या. जमील पत्रा भट्टीत सारणार, तोच नसीमने त्याची बाही ओढली. “सगळ्यांच्या नानकटाया निघू देत. अगदी शेवटची आच.”

आणि वाट बघता बघता मधल्या सायीचं काय करायचं ते तिने ठरवून टाकलं. फुटक्या नानकटायांचा चुरा, त्यात दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंगेची चिमूट. लोणी आणि साय घालून लोण्यासारखं मऊ होईपर्यंत घोटलं. जमीलने चमच्याच्या टोकाने चाखलं. डोळे मिटले.

“उस्तादाने हे खाल्लं असतं…”

“तर?”

“तर नाशिकला आला असता.”

मग भट्टीचं दार उघडलं. चकत्या फुगल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या खाली, घागऱ्याच्या काठासारखी, नाजूक झालर.

जमील हसला. आधी ओठात, मग सगळ्या तोंडभर, मग असा मोठ्याने की चाचा पावाची टोपली टाकून आत आले. त्याच्या डाव्या गालाला खळी पडते, हे भद्रकालीत त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

“हे काही फ्रेंच नाही,” नसीम म्हणाली. “हे नाशिकचं हसू आहे.”

चाचांनी एक तोंडात टाकली, मान डोलवली, आणि दुसरी उचलून बाहेर गेले. लंका-नवसाला घंगाळ धुवायला एकदम घाई झाली. जमील पत्र्याकडे बघत म्हणाला, “या बेकरीत प्रत्येक घराची खूण आहे. माझ्या घराची नाही. म्हणजे… घरच नाही अजून. पण होईल तेव्हा… लवंग ठेवली तर चालेल?”

नसीमने पदराच्या गाठीतली लवंग काढली आणि मधल्या माकारोंवर अलगद टोचली.

“मार्चमध्ये परीक्षा आहे,” ती म्हणाली.

“भट्टीपाशी राहणाऱ्याला थांबता येतं.”

रविवारी मालेगावकरांनी ताट रिकामं केलं. खुर्शीदा खालाने नसीमच्या हनुवटीला हात लावून म्हटलं, की असा हात असताना पोरीला पुस्तकात का कोंडलंत, आणि टांगा वळायच्या आत पसंती सांगून टाकली. अब्बा दारातच दुवा मागत उभे राहिले. अम्मीने आनंदाने पलंगाखालचं घंगाळ बाहेर ओढलं, चादर सोडली, आणि तिचा हात तिथेच थांबला.

“नवं कोरं घंगाळ आतून कुणी घासलं?”

घरात दालचिनीचा वास अजून दरवळत होता. नसीमची जीभ पुन्हा टाळूला चिकटू लागली… मग तिला तो ढग आठवला, उलटं धरलं तरी न पडणारा.

“मी घासलं, अम्मी. त्यातच ती मिठाई झाली. मी आणि नजीर चाचांच्या जमीलने मिळून केली.” तिने अब्बांकडे सरळ पाहिलं. “अब्बा, मालेगावला नकार कळवा. मिठाईची तारीफ केली त्यांनी, त्याबद्दल शुक्रियाही कळवा. मार्चमध्ये मी मॅट्रिकला बसणार, आणि पास होणार. त्यानंतर जमील चाचांना घेऊन रीतसर इथे येईल, आणि तुम्ही विचाराल तेव्हा मी हो म्हणणार आहे. घंगाळ कुठे जायचं, ते माझं ठरलंय.”