हेरंबचा आवाज पोचेना

"शुभदाताई, लवकर या! अण्णासाहेब हेरंबला बाहेर काढतायत!"

वसतिगृहात राहणाऱ्या राधाचा फोन ठेवून शुभदा नोएडाचं ऑफिस टाकून धावली. दिल्लीत करोल बागेतल्या त्या मराठी वसतिगृहाचं नेटवर्क ती हौसेने सांभाळायची. पण पंधरवडाभर नेट रडत होतं आणि आता त्या हौसेचाच तिला वीट आला होता.

वसतिगृहाचे अध्यक्ष अण्णासाहेब दारातच उभे.

"टॉरेंट! हा हेरंब त्यातून फुकटचे सिनेमे उतरवतो, म्हणून नेट रडतंय. त्याची हार्डडिस्क बघ, गच्च! संध्याकाळपर्यंत खोली खाली."

"अहो, परवा त्याची यूपीएससीची मुलाखत आहे!"

"ते त्याने आधी बघायचं."

वर हेरंब सामान बांधत होता.

"खरं सांग. टॉरेंट?"

"तुमच्या प्रॉक्सीतून साधं गाणं उतरत नाही, ताई. सिनेमे मित्राकडून घेतले, कसम से."

ते खरंच होतं. मुलांच्या खोल्यांतलं सगळं प्रॉक्सी नावाच्या चाळणीतूनच जायचं आणि ती चाळणी टॉरेंटला दारातच अडवायची. सूट फक्त अध्यक्षांच्या संगणकाला. मोठ्या माणसावर पहारा बरा दिसत नाही, असं समितीचं म्हणणं.

शुभदाने प्रॉक्सीच्या नोंदी पुन्हा चाळल्या. सगळ्या खोल्या स्वच्छ. तिने कपाळावर हात मारला.

"तुझी ऑनलाइन सराव मुलाखत बिघडली म्हणे. काय झालं?"

"पॅनेलचे प्रश्न मला छान ऐकू येत होते. माझं उत्तर त्यांना पोचेना. वैतागून कॉलच कापला त्यांनी."

"माझंही बिल्कुल तसंच," दारात आलेली राधा म्हणाली. "व्हिडिओ दिसतात, पण पाठवायला गेलं की ठप्प."

शुभदा उठली आणि तडक कार्यालयात गेली.

"अण्णा, येणारा रस्ता मोकळा आहे, जाणारा तुंबलाय. म्हणजे कुणी उतरवत नाहीये, बाहेर पाठवतंय. आणि प्रॉक्सीबाहेर एकच संगणक आहे. तुमचा."

"माझा? मी गणपतीत दाखवायला एक नाटक उतरवलं फक्त! उतरलं, खिडकी बंद केली."

"खिडकी बंद झाली, प्रोग्राम नाही. तुम्ही घेतलंत तेच तो जगभर वाटत बसलाय. संगणक रात्रीही चालूच असतो ना?"

तिने पडद्याच्या कोपऱ्यातल्या बारक्या चिन्हावर बोट ठेवलं. अनोळखी नावांची रांग नाटक ओढत होती. तिने प्रोग्राम थांबवला. वरून राधा ओरडली, "ताई, गेला! माझा व्हिडिओ पोचला!"

अण्णासाहेबांनी संगणकच बंद केला.

"त्याला सांग, राहा म्हणावं."

"मी नाही सांगणार. आरोप तुम्ही दारात उभं राहून केलात."

गुडघे धरत ते जिना चढले. हेरंबने बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा त्यांनी सोडला आणि एकेक पुस्तक फळीवर लावू लागले. सगळी उलटी लावत होते. हेरंब मागून एकेक सरळ करत गेला.