उरलेला सिनेमा आपण बघू

दिवे गेले? जाऊ देत. भाईंदरमध्ये दिवे गेले की एक टेलिव्हिजन तेवढा बंद पडतो. बाकी सगळं आधीपासूनच बंद असतं. कंदील जरा इकडे ओढा. आणि पाय वर घ्या, डास फार आहेत.

धर्माजी, तुम्ही शेजारी, रोज इथे येऊन बसता, म्हणून सांगतो. आत्ता तुम्ही सहज म्हणालात, ‘दिवे आले की उरलेला सिनेमा आपण बघू.’ हे वाक्य माझ्या घरात पुन्हा म्हणू नका. ‘मी बघेन’ म्हणा, ‘तुम्ही बघा’ म्हणा. ‘आपण’ नको. हसताय? हसा. मी जन्मभर कारकुनी केली. भुतावर माझा विश्वास नाही, पण शब्दावर आहे. एका शब्दापायी फाईल वर्षानुवर्षं अडकलेली मी पाहिली आहे. माणूसही अडकतो.

चीनची लढाई होऊन गेली, त्यानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा मिठागराच्या कचेरीत होतो. एका संध्याकाळी घरून निघालो तो रॉकेल आणायला. हातात डबा, खिशात पिशवी. स्टेशनाकडून राई गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला मैदान होतं आणि दसरा झाला की तिथे अमृतभाईंचा तंबू लागायचा. तंबूतला सिनेमा. दिवाळी तोंडावर आली की लोक पैसा हातचा सोडत नाहीत, चांगल्या चित्रपटांचे डबे मिळत नाहीत. म्हणून अमृतभाई त्या दिवसांत मुंबईतून उरलीसुरली भुतं आणायचे. दसऱ्यापासून काळी चौदसपर्यंत, म्हणजे आपल्या नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्रीपर्यंत, रोज भुताचा खेळ. कधी पांढऱ्या साडीतली बाई, कधी कबरीतून निघालेला हात, कधी नुसताच दरवाजा. त्याला ते ‘सीझन’ म्हणत.

तंबूच्या तोंडाशी महिपत उभा होता. राईचा. वाडवडिलांची भातखाचरं आणि मिठागराचे वाफे. स्वतः गुडघाभर खाऱ्या पाण्यात उतरून काम करणारा गडी. त्याच्या पायांवर कायम पांढरी खपली असायची. कितीही धुवा, पाऊल वाळलं की मीठ वर यायचंच. कचेरीत त्याची-माझी ओळख झाली, ती भांडणातून. नंतर भांडायला म्हणूनच आम्ही भेटू लागलो.

“दाजी, राकेल उद्या मिलंल,” तो म्हणाला. “भूत आज हाय.”

तेव्हापासून दरवर्षी सीझनभर आम्ही दोघं. मागच्या बाकावर, खांबाजवळ. सिनेमा संपला की त्याला गुण द्यायचे. माझी कारकुनी सवय शंभरापैकी आकडा सांगायची. महिपतला ते हास्यास्पद वाटे. त्याचं माप निराळं होतं. भुताचा सिनेमा बघून घरी गेल्यावर बायकोला दृष्ट काढायला किती मीठ लागेल? नुसता पोरखेळ असेल तर चिमूटभर. थोडं दचकायला झालं तर मूठभर. आणि खरंच छाती धडधडली तर पाटीभर. पाटीभर आम्ही कधीच कुठल्या सिनेमाला दिलं नाही. मी “मूठ” म्हटलं की तो “चिमूट” म्हणणार, मी “चिमूट” म्हटलं की तो “मूठ”. बाहेर चहाच्या टपरीवर हा वाद चाले आणि लोक निकाल ऐकून मग तिकीट काढत. अमृतभाई कधीकधी दारातल्या फळीवर खडूने लिहीत: ‘आज मूठभर!’

महिपत स्वतःला ‘आपुन’ म्हणायचा. “आपुन न्हाय भीत.” “आपुन चाललो.” मला ते मुंबईकरांचं ‘आपण’ मुळीच सहन व्हायचं नाही. मी विचारायचो, “आपण म्हणजे कोण कोण? मी तर भितो. मला कशाला मोजतोस?”

“आपुन म्हंजे आपुन,” तो म्हणायचा. “तू नि मी काय वेगला?”

मग एका वर्षी कोजागिरीच्या आधी एक सिनेमा लागला. एका रिकाम्या घरात एक माणूस मुक्कामाला येतो आणि घरात आधीपासून कोणीतरी आहे. बस, एवढंच. पण त्यात ते कोणीतरी दिसतच नव्हतं. नुसता पावलांचा आवाज. माणूस जिन्याखालची खोली उघडायला जातो, कडीला हात लावतो... आणि पडदा पांढरा झाला. शेवटचा डबा आलाच नव्हता! कुठल्यातरी दुसऱ्या तंबूत राहिला होता. लोकांनी शिट्ट्या मारल्या. अमृतभाई हात जोडून म्हणाले, “शेठ लोको, गुस्सा नको. काळी चौदसला डबो आवशे, पूरा पिक्चर दाखवीन. ए ज तिकीटमां, त्याच तिकिटात.”

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “मूठभर.”

महिपत पहिल्यांदाच वादाला आला नाही. तो अंधारात तंबूकडे बघत होता. “अर्ध्यावर मीठ न्हाय देत आपुन,” तो म्हणाला. “शेवट बगू दे. त्या खोलीत कोन हाय ते बगू दे.”

कोजागिरीला बांधाची डागडुजी करताना त्याला घोणस चावली. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. स्मशानातून परतताना राईचे म्हातारे कुजबुजत होते की पावलं नीट जळली नाहीत. मिठागरात राबलेल्याची जळत नाहीत म्हणे. मी म्हटलं, लाकडं ओली असतील. कारकुनाकडे प्रत्येक गोष्टीला शेरा तयार असतो.

दहाव्याला खाडीकाठी गेलो. पिंड ठेवले. कावळा समोर तिवराच्या झाडावर येऊन बसला आणि बसूनच राहिला. भावाने सांगितलं, “बांध पुरा करू.” कावळा हलला नाही. मामाने सांगितलं, “पोरांना शिकवू.” कावळ्याने चोच पुसली. कोणीतरी ताडी आणून ठेवली, तिकडेही त्याने बघितलं नाही. ऊन डोक्यावर आलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले.

महिपतची बायको सुलू बाजूला उभी होती. तिचे डोळे खोल गेले होते. ती माझ्याजवळ आली.

“दाजी, तो घरातच हाय,” ती हळूच म्हणाली. “रोज तिन्हीसांजेला दारातल्या दगडावर पाय धुतो. पानी वतल्याचा आवाज येतो... बगायला गेलं तर दगड कोरडा. पोरं झोपत न्हाईत. आज कावला न्हाय शिवला तर मी घर मोडून भावाकडं जानार. तुमाला ठाव असंल, काय राहिलं त्याचं?”

मला ठाऊक होतं. पण बारा गावच्या लोकांपुढे, भटजीसमोर, मेलेल्या माणसाची शेवटची इच्छा म्हणून भुताचा सिनेमा सांगायचा? तरी पुढे झालो. ऑफिसात साहेबासमोर होतं तसं झालं. जीभ भलत्याच वळणाने गेली. मी म्हणालो, “महिपत, काळजी करू नको. तो उरलेला सिनेमा आपण बघू. मीठही सांगू.”

म्हणायचं होतं, ‘मी बघेन’. जन्मभर ज्या ‘आपण’ला नाकं मुरडली, तेच तोंडातून गेलं.

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा उतरला. पिंडाला चोच मारली, आणि उडून न जाता मान तिरकी करून माझ्याकडे पाहत राहिला. लोक सुटल्यासारखे हसले. मामा म्हणाले, “काय गडी! सिनेम्यासाठी अडला होता!” एकटी महिपतची आई गोदूबाई हसली नाही. तिने माझा हात धरला.

“दाजी,” ती म्हणाली, “तू ‘आपुन’ बोललास?”

“बोलण्याच्या ओघात गेलं, आई.”

“त्याला वघ कललाय काय? त्याला शब्द कलतो.” मग हात सोडून म्हणाली, “जा आता. बगून ये. अर्धा नको सोडू.”

काळी चौदस आली. आमच्या गुजराती शेजारणींनी सांज होताच घरातली पीडा घालवायला चव्हाट्यावर वडे टाकले, पाण्याचं वर्तुळ केलं आणि मागे न बघता घरी गेल्या. मला त्याच चव्हाट्यावरून जायचं होतं. मी वड्यांना वळसा घातला. विश्वास नसलेल्या माणसाने घालावा तेवढाच, जरा मोठा.

तंबू खच्चून भरला होता. खांबाजवळचं आमचं बाक मात्र अर्धं मोकळं. मी बसलो. एक जोडपं आलं, शेजारी टेकलं आणि लगेच उठलं. “इधर गीला है,” बाई म्हणाली. मग एक जाडा गृहस्थ आला. तोही उठला, हात पँटला पुसत. वर तंबूचं कापड कोरडं, खाली जमीन कोरडी. मी बाकावरून हात फिरवला. ओल नव्हती. गार होतं.

दिवे मालवले. पहिल्यापासून पूर्ण खेळ. यंत्राची घरघर, बिड्यांचा धूर, आणि त्यात हळूहळू दुसराच वास... भरती ओसरल्यावर मिठागरातून येतो तो. खारट, चिखलाचा. खाडी जवळ आहे, मी मनाशी शेरा मारला. वारा फिरला असेल. पण कनात हलत नव्हती.

पडद्यावर तो माणूस जिना उतरला. कडीला हात. मागच्या वेळी इथेच संपलं होतं. मी श्वास धरला... आणि माझ्या शेजारीही कोणीतरी धरला. आधी श्वास ऐकू येत होता हे तो थांबल्यावर मला कळलं.

दार उघडलं. आत एक म्हातारा नोकर निघाला, मालकाच्या सोन्यावर डोळा ठेवून भुताचं सोंग करणारा. पोलीस आले. नायक-नायिका बागेत. एवढं सगळं त्या फडतूस शेवटासाठी! मला हसू फुटलं. बरं वाटलं. झालं, सुटलो, सुटला तो बिचारा. दिवे लागले. मी वचनाप्रमाणे, मोठ्याने नाही पण स्पष्ट म्हणालो, “चिमूटभर. महिपत, झालं तुझं. आता जा.”

खाली पाहिलं. बाकासमोरच्या तुडवलेल्या मातीत दोन पावलं होती, शेजारी शेजारी, बसलेल्या माणसाची असतात तशी. ओली. माझ्या डोळ्यांदेखत ती कडेकडेने वाळत गेली आणि पांढरी झाली.

मी गर्दीत घुसलो. दारात अमृतभाई फळी पुसत होते. डब्यासाठी ते इतके दिवस मुंबईला बसले होते, सकाळीच परतले होते. त्यांना महिपतचं कोणी काही सांगितलेलं नव्हतं, हे मला त्यांच्या हसण्यावरून कळलं.

“केम दाजी, आज तमे लेट? तमारा जोडीदार तो निकल गया.” ते फळीवर लिहू लागले. “मी विचारला, केटलुं मीठ? बोलला, पाटीभर. पहेली वार! मी बोललो, एवढा शेवट आवडला? तो बोलला, शेवट न्हाय आवडला, दाजीचं तोंड बगून देतो.”

मी विचारलं, “आणखी... काय म्हणाला?”

“बस. बोलला, पुढच्या सालपासून आपुन बघू.”

राईच्या वाटेवर सुलू कंदील घेऊन उभी होती. तिचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल झालेला दिसला. “दाजी, आज दगडावर पानी न्हाय वाजलं,” ती म्हणाली. “पोरं झोपली. गेला तो. तुमचे उपकार हाईत.” मी मान हलवली. तिचं घर राहिलं, पोरं मोठी झाली, वाफे अजून तिच्याच नावावर आहेत. तो तिच्या घरातून गेला, हे खरंच होतं.

तंबू गेला. अमृतभाई गेले. मैदानावर चाळी झाल्या. मी निवृत्त झालो, मुलाने हा टेलिव्हिजन घेऊन दिला. पण सीझन मी चुकवत नाही, धर्माजी. दसरा ते काळी चौदस, भुताचं जे काही मिळेल ते बघतो, शेवटपर्यंत बघतो आणि मीठ सांगतो. आवड म्हणून नव्हे. एका वर्षी आजारी होतो, बघितलं नाही. त्या वर्षी आमच्या हिला, मंदाला, बरणीतल्या मिठाला रोज पाणी सुटलेलं दिसायचं आणि ती वाण्याला शिव्या द्यायची. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ती भित्री आहे.

अर्ध्यावर मात्र सिनेमा कधी सुटला नव्हता. आज पहिल्यांदाच. आणि नेमके तुम्ही ते वाक्य बोललात. म्हणून म्हटलं, कंदील इकडे ओढा.

नाही, मी उठलो नाही. मी इथेच आहे, खुर्चीत. हा माझा हात. तुम्हीही ऐकताय ना... मागच्या मोरीत पाणी ओततंय कोणीतरी. आधी एक पाऊल, मग दुसरं.

थांबा. मंदा स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणतेय.

“अहो, अंधारात किती वेळ पाय धुताय? या आत.”