ओली फडकी

सुट्टीतले बेत मिरचीनं ठरवायचे, हा गल्लीतल्या टोळीचा रिवाज. यंदा मावसबहीण राहायला आली आणि बघता बघता सगळे बेत त्या पाहुणीच्या नावावर जमा झाले. मिरचीच्या खात्यावर उरली नुसती चरफड.

"ताई, पाहुणीला दोन बोटांनी शिट्टी येते," धाकटा भाऊ शेपूट म्हणाला.

"मग चौकात उभी कर तिला. रहदारी सांभाळेल."

चौकात एका बांधकाम कंपनीनं मांडव घातला होता. गल्ली पाडून तिथं उंच इमारती उठवायच्या होत्या. संध्याकाळी नगरपालिकेच्या मुख्य बाई येऊन निर्णय देणार होत्या. टोळी कनातीखालून आत घुसली. समोर गल्लीचा भलाथोरला फोटो होता. सगळी दारं बंद, आणि वर मथळा: 'ओसाड गल्ली'.

"ओसाड कशी?" पाहुणी पुटपुटली. "प्रत्येक कडीला फडकं आहे. खाली उंबरठा ओला. फडकी भिजवली कुणी?"

मिरचीला लगेच उमगलं. बाबा सतारीला रोगण लावत, तेव्हा दाराला ओलं फडकं अडकवत. ते पाहून मुखवटेवाले, दुकानांच्या पाट्या रंगवणारे, सगळेच आपापली दारं लावून ओली फडकी टांगत. रोगण वाळेपर्यंत धूळ उडायला नको. कामं आत चालूच असत. जन्मापासून पाहिलेली गोष्ट, आणि दिसली कुणाला? तर परवा आलेल्या हिला!

"कशाची गं ती?" पाहुणीनं विचारलं.

"मला काय माहीत?"

घरी बाबा पटाश्या पेटीत भरत होते. एकेक पटाशी त्याच फडक्यांत गुंडाळून. कोपऱ्यात एक सतार कोरडीच उभी होती.

"हिला रोगण नाही लावायचं?"

"आता कुणासाठी, बाळा?"

मिरचीनं हेवा बाजूला ठेवला. "आजच लावा, बाबा. माझ्यासाठी."

मग ती पाहुणीला शोधायला पळाली आणि सगळं सांगून टाकलं.

संध्याकाळी मांडवात कंपनीचे साहेब मुख्य बाईंना काठीनं फोटो दाखवत होते. "भरदुपारी एक दार उघडं नाही."

"काका, तेव्हा पाऊस होता?" पाहुणीनं भोळेपणानं विचारलं.

"छे, लख्ख ऊन! अशी सुनसान गल्ली मिळेपर्यंत आम्ही थांबलो होतो."

"मग उंबरठे कशानं भिजले?"

मिरची पुढे झाली. "बाई, आत्ता चला. पण पाय न घासता."

गल्लीत तसंच दृश्य. बंद दारं, ठिबकणारी फडकी. बाईंनी पहिल्या दारावर टकटक केली. आत पाटीवाले आजोबा अक्षर रंगवत होते. दुसऱ्या दारामागे मुखवट्याला नाक बसत होतं. तिसऱ्यामागे बाबा, हातात रोगणाचा कुंचला.

"दार लोटून घ्या," बाबा मान वर न करता म्हणाले, "धूळ येते."

बाई हसल्या आणि साहेबांकडे वळल्या. "एवढी राबती गल्ली मी पाडू देणार नाही." मग त्यांनी विचारलं, "हे पाहिलं कुणी?"

'मी' हा शब्द मिरचीच्या जिभेवर तयारच होता. तिनं तो गिळला. "हिनं."

"पण ओळखलं हिनं," पाहुणी म्हणाली.

"दोघी पोरी तयार आहेत," आजोबा म्हणाले. बाबांनी कुंचला ठेवून दोघींच्या पाठीवर हात फिरवला आणि दोन्ही फ्रॉकांवर रोगण उमटलं. मिरचीनं तिरप्या नजरेनं मोजलं. डाग सारखेच होते.

"पण शिट्टी पाहुणीचीच भारी," शेपूट म्हणाला.

मिरचीनं पाहुणीला कोपरानं ढोसलं. "उद्या शिकवायची. आणि यालाही न सांगता."