डुकरांच्या घरावरची फुलं

"हा तिसरा," नोएमी म्हणाली आणि तिने भिंतीवरचा फुलांचा गुच्छ उचलला.

आता कुणाच्या घराच्या भिंतीवर फुलं ठेवली तर त्यात नवल ते काय? पण हे घर नव्हतंच मुळी. नोएमीच्या आजोबांनी डुकरं पाळण्यासाठी बांधलेलं खोपटं होतं ते. छप्पर कधीचं उडून गेलेलं, डुकरं तर नोएमीच्या जन्माआधीच संपलेली. उरल्या होत्या चार भिंती आणि खाणं घालायची एक दगडी कुंडी. अशा जागी सुट्टीच्या तीन आठवड्यांत तीन गुच्छ!

"कुणाला तरी डुकरांची आठवण येत असणार," एली म्हणाला. हा नोएमीचा धाकटा भाऊ. वय वर्षं दहा.

"तुझा वाढदिवस आला असेल जवळ," बाझील म्हणाला. हा शेजारचा. जीभ कायम वळवळणारी. "मला विचाराल तर ही चोरांची खूण आहे. एक गुच्छ म्हणजे माल आला, दोन म्हणजे पोलीस आले."

"आणि तीन म्हणजे बाझील आला. गप बस आणि हे बघ."

गुच्छाला रिबीन होती आणि रिबिनीवर शाईने आडनाव लिहिलेलं होतं. नोएमीने आधीच्या दोन रिबिनी जपून ठेवल्या होत्या. तिन्हींवर वेगवेगळी आडनावं! शिवाय रस्त्याकडेच्या मातीत रुंद चाकांचे ठसे होते. इथे बस येत होती. नोएमीच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं भिंतीमागच्या अंजिराच्या झाडात जाऊन बसली. सोबत पाव आणि शेळीचं चीज होतं. ते एलीने दहाच मिनिटांत संपवलं.

साडेदहाला बस आली. पुढे छत्री उंच धरून चालत होते म्स्यू कोस्त, गावातल्या वंशज मंडळाचे अध्यक्ष. दर ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या या फाँतालिए गावात मेळावा भरतो. ज्यांच्या पूर्वजांना राजाने 'धर्म बदला, नाहीतर बघा' म्हटलं आणि जे रातोरात डोंगर ओलांडून देशोधडीला लागले, त्या ह्यूगनॉटांची, म्हणजे प्रॉटेस्टंट लोकांची, नातवंडं-पणतवंडं जगभरातून येतात. त्यांना त्यांची मूळ घरं दाखवायचं काम म्स्यू कोस्तांचं.

"मादाम रूव्हिएर," म्स्यू कोस्त घसा साफ करून म्हणाले, "सोळाशे पंच्याऐंशी साली तुमचे पूर्वज याच उंबऱ्यातून बाहेर पडले."

बाझीलने तोंडात मूठ कोंबली.

मादाम रूव्हिएर ऐंशीच्या घरातल्या, दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या, काठी टेकत चालणाऱ्या. त्यांनी हातातला गुच्छ भिंतीवर ठेवला, मग वाकून कुंडीवरून हळूच हात फिरवला. "मुलांना इथेच जेवू घालत असतील, नाही?"

"असतील असतील," म्स्यू कोस्त घड्याळ बघत म्हणाले.

मग मादामनी पिशवीतून एक डबा काढला आणि छातीशी धरला. "माझा भाऊ, पीट. चाळीस वर्षं कागद धुंडाळत होता हो. इथे यायचं तिकीट काढलं आणि त्याच महिन्यात गेला. ही त्याची राख. त्याला त्याच्या माणसांत ठेवायचंय, एवढंच म्हणाला होता. सोमवारी माझं विमान आहे."

"रविवारी प्रार्थना झाली की इथेच. सव्वाबाराला. म्हणजे एकला जेवण," म्स्यू कोस्त म्हणाले.

बस गेली तरी झाडातून कुणी खाली उतरेना. हसू केव्हाच पळालं होतं.

"रविवारी त्या आजी आपल्या भावाला डुकरांच्या कुंडीत ठेवणार," एली म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

नोएमी तडक म्स्यू कोस्तांच्या दारात गेली. ते ताठ मिशांना पीळ भरत बाहेर आले. तिने तिन्ही रिबिनी त्यांच्यापुढे धरल्या.

"या आजी धरून चार कुटुंबं आणि एकच घर, म्स्यू. तेही आमच्या डुकरांचं."

त्यांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "हे बघ पोरी, इतक्या वर्षांनी नेमकं घर कुणाला सापडतंय? लोकांना हात लावायला एक दगड हवा असतो. तो मी देतो. आणि बस वळवायला जागा तिथेच आहे. तू यात नाक खुपसू नकोस, नाहीतर तुझ्या आजोबांच्या कानावर घालीन."

"आत्ताच सांगू या आजींना," बाझील परत येताना फणफणला.

"सांगून काय होईल? खोटं घर जाईल आणि खरं मिळणार नाही. सोमवारी त्या डबा घेऊन परत जातील." नोएमीला रडू येत होतं आणि रागही. "आधी खरं घर शोधायचं. हातात चार दिवस आहेत."

संध्याकाळी ती मादामना चौकात भेटली. बोलता बोलता त्यांनी घरच्या जुन्या बायबलचं पहिलं पान दाखवलं. त्यावर दोन नावं होती, इझाक रूव्हिएर आणि सुझान पाजेस, लग्नाचं साल सोळाशे एकाहत्तर. "तू फार चौकशी करतेस गं. बरं वाटतं," मादाम म्हणाल्या. नोएमीने मान खाली घातली. आपण यांच्यापासून काहीतरी लपवतोय, हे तिला टोचत होतं.

पुढचे दोन दिवस त्यांनी नदीकाठची प्रत्येक पडीक भिंत पालथी घातली. हाती आल्या फक्त गांधीलमाश्या. त्यातल्या दोन बाझीलला चावल्या. शुक्रवारी तिघं दमून खोपट्याच्या भिंतीवर बसली.

"इथे सरूसुद्धा नाही," नोएमी पुटपुटली आणि एकदम ताठ झाली. "अरे, इथे सरू नाही!"

"मग?"

"आपले खापरपणजोबा कुठे पुरलेत?"

"घरामागे. सरूखाली," एली म्हणाला.

"का?"

"चर्चच्या दफनभूमीत आपल्या माणसांना घेत नव्हते म्हणून. मग आपल्याच शेतात पुरायचे आणि वर सरू लावायचे. हे शेंबड्या पोरालाही माहितेय."

"म्स्यू कोस्तांना सोडून. जिथे आपली माणसं, तिथे सरू. घर नका शोधू, झाड शोधा."

तिघांच्या माना वर गेल्या. डोंगरभर चेस्टनटचं पसरट, हिरवंगार रान. आणि खूप वर, त्या हिरव्यातून, एक काळपट टोक सरळ आभाळात घुसलेलं. रानात सरू आपोआप उगवत नाही. कुणीतरी लावलेलंच असणार.

वर पोचायला दीड तास लागला. सरूजवळ भिंती होत्या, वेलींनी पार झाकलेल्या. त्यांनी हातांनी वेली ओढल्या. बाझीलची जीभ पहिल्यांदाच थांबली होती. दरवाजाच्या वरच्या दगडावरचं शेवाळ एलीने शर्टाने पुसलं. खाली दोन नावांची आद्याक्षरं, मध्ये फूल, आणि साल. सोळाशे एकाहत्तर.

इझाक आणि सुझान.

शनिवारभर मादाम मेळाव्याच्या सहलीला गेल्या होत्या, गाठ पडलीच नाही. रविवारी झाडांखाली प्रार्थना झाली, भजन झालं. म्स्यू कोस्तांनी छत्री उचलली. नोएमी उठून मादामसमोर जाऊन उभी राहिली.

"मादाम, तुम्हाला दाखवलं ते घर तुमचं नाही. ते आमच्या डुकरांचं होतं."

बाकांवरच्या सगळ्या माना वळल्या.

"काहीतरीच बडबडते ही!" म्स्यू कोस्त म्हणाले.

"बडबडत नाही ती." मागच्या बाकावरून नोएमीचे आजोबा उठले. "ते खोपटं मी बांधलंय. माझ्या लग्नाच्या वर्षी."

म्स्यू कोस्त मिशीपर्यंत लाल झाले. मादामचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा नोएमीने दगडाचा फोटो त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी फोटोतल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मला तिथे नेशील?"

अर्धी वाट आजोबांनी ट्रॅक्टरवरून नेलं. पुढे एका बाजूने नोएमी, दुसऱ्या बाजूने बाझील. डबा एलीने उचलला होता, दोन्ही हातांनी, एकदाही न अडखळता. मागून अख्खा मेळावा. सगळ्यात शेवटी धापा टाकत म्स्यू कोस्त, ज्यांनी इतक्या वर्षांत हा चढ पाहिलाही नव्हता.

"हे रान माझंच," आजोबा वर पोचल्यावर म्हणाले. "तीस वर्षांत मी इथे फिरकलो नाही. लाज वाटते. मादाम, जागा तुमची समजा." मग पोरांकडे वळले. "मोठ्यांच्या गोष्टीत नाक खुपसता म्हणून मी नेहमी ओरडतो. आजपासून खुपसत जा. शाब्बास."

"उरलेल्या तीन कुटुंबांची घरं कोण शोधणार?" बाझीलने मोठ्याने विचारलं. सगळे म्स्यू कोस्तांकडे बघू लागले.

"मीच," ते कपाळ पुसत म्हणाले. "आणि चुकलो, हेही त्यांना मीच कळवीन. पण... तुम्ही मदत कराल ना?"

मादामनी सरूच्या मुळाशी राख सोडली आणि ओल्या मातीवर तळवा ठेवला.

"पीट, पोचलास बघ," त्या म्हणाल्या.

परतताना खोपट्याशी ट्रॅक्टर थांबला. एलीने गुच्छ आणून दिला. "हा तुमचा, आजी. चुकून इथे राहिला."

"डुकरं किती होती इथे?"

"नऊ," आजोबा म्हणाले.

"सुखी होती?"

"फार."

"मग राहू दे त्यांना," मादाम म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने गुच्छ पुन्हा भिंतीवर ठेवला.