कोब्यावरचं वर्तुळ

ज्या खोलीत कोणी येतच नाही, तिथली जमीन झिजते कशी?

हा प्रश्न एका यंत्रमानवाला पडला होता. कातळपूरच्या सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत, तांबड्या कोब्यावर मधोमध एक पांढुरकं वर्तुळ उमटलं होतं, तेलाच्या घाण्याभोवती बैल फिरून उमटावं तसं. जिल्ह्याहून वाचनालयांचा आढावा घ्यायला आलेला यंत्रमानव त्या वर्तुळाभोवती फिरला, वाकला, डोळ्यांतल्या दिव्याचा झोत पाडून त्याने झीज तपासली आणि ताठ उभा राहून म्हणाला, "या खोलीचा वापर शून्य. झिजेचं कारण अज्ञात."

शाल्मली तोडणकरच्या अंगाचा तिळपापड झाला. सातवीतल्या या मुलीने अख्खी सुट्टी याच खोलीत काढली होती, आणि हा पत्र्याचा पाहुणा तिच्या तोंडावर शून्य म्हणत होता. तिने तिथल्या तिथे त्याचं बारसं केलं, आकडेराव.

आकडेराव खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. त्या काळी पुस्तकं उडत्या पेट्यांतून घरपोच येत. प्रत्येक पुस्तकाच्या पुठ्ठ्यात एक चकती (दारातून जाताना आपली ओळख सांगणारा इवलासा तुकडा) असे, आणि दारातून जितक्या चकत्या बाहेर जातील तितका वाचनालयाचा वापर, असं आकडेरावला शिकवलेलं होतं. मागच्या खोलीतून पुस्तक कधी बाहेर जातच नसे. ते टेबलावर उघडं पडलेलं असे, आणि त्यात वाचलेलं लोक तिथेच करून बघत. एका शनिवारी बियाण्यांची अदलाबदल चाले, एका शनिवारी बिघडलेले पंखे उघडले जात, कधी भरती-ओहोटीचं गणित मांडलं जाई. माणसं येत नि जात, पण पुस्तकाशिवाय. म्हणजे आकडेरावच्या हिशेबी ती आलीच नव्हती.

हा सगळा उद्योग मुकादम आजींचा. डॉ. जैनब मुकादम यांनी आयुष्यभर एका मोठ्या वेधशाळेत दुर्बिणींचे आरसे घडवले होते. निवृत्त होऊन गावी आल्या आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीत मधोमध त्यांनी वाळू भरलेलं एक पिंप उभं केलं. पिंपावर काचेची एक जाड चकती घट्ट बसवलेली, तिच्यावर दुसरी तशीच चकती मोकळी, आणि मधे पाणी घालून कुरुंदाची (काच घासणारा कठीण दगड) पूड. वरची चकती पुढे-मागे घासायची, हातातल्या हातात थोडी फिरवायची आणि एक पाऊल बाजूला सरकायचं. घासत घासत पिंपाला प्रदक्षिणा घालायची. वरची चकती खोलगट होत जाते, खालची फुगीर. वरचीचा पुढे दुर्बिणीचा आरसा होतो. सारं गाव आळीपाळीने पिंपाभोवती फिरत होतं. त्या आरशातून शनीची कडी बघायची शाल्मलीने कधीच ठरवून टाकलं होतं.

नगरपरिषदेच्या मुख्याधिकारी केळुसकर बाईंनी मात्र वेगळंच ठरवलं होतं. शून्य वापराची खोली उडत्या टपालपेट्यांचं गोदाम करायला द्यायची. शनिवारी कुलूप, सोमवारच्या सभेत अहवाल, की विषय संपला.

शाल्मली हट्टाला पेटली. कुलूप लागण्याआधी आरसा घासून पुरा करायचाच. आणि घाईत माणूस जे करतो तेच तिने केलं, बाकीच्यांना बाजूला सारलं. लहान मुलं चकती वाकडी धरतात म्हणून त्यांना पिटाळलं. भिकाजी तांडेल म्हणजे आयुष्यभर होडी हाकलेले म्हातारबाबा. त्यांचा हात आता थरथरायचा. तांडेलकाकांनी चकतीला हात लावल्याबरोबर तिने ती काढूनच घेतली. काका टोपी उचलून निघून गेले. मग शुक्रवारी ती दिवसभर एकटीच घासत बसली. प्रदक्षिणेत वेळ जातो म्हणून खिडकीपाशी एकाच जागी पाय रोवून, चकतीही न फिरवता, एकाच दिशेने.

संध्याकाळी मुकादम आजींनी खालच्या काचेवर पेन्सिलीने चौकटी आखल्या. वरची चकती पाव फिरवून ठेवली आणि हलकेच घासली. आकार नीट असेल तर पेन्सिलीच्या सगळ्या रेघा सारख्याच पुसल्या जातात. चकती उचलली, तर दोन बाजूंच्या रेघा जशाच्या तशा होत्या.

शाल्मलीचा चेहरा पडला. आजी तिला रागावल्या नाहीत. त्यांनी चहाच्या टेबलावरच्या दोन वाट्या एकात एक ठेवल्या आणि फिरवायला सांगितल्या. कशाही फिरवा, तिरक्या सरकवा, वाट्या एकमेकींना चिकटूनच. मग परसातून नळीची दोन कौलं आणली. एकावर एक लांबीने सरकवली तोवर ठीक, पाव फिरवल्याबरोबर डुगडुगायला लागली.

"तू काचेचं कौल केलंस," आजी म्हणाल्या. "आपल्याला वाटी हवी आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. दोन काचा एकमेकींवर सगळ्या बाजूंनी घासल्या, की जिथे उंचवटा असेल तिथे घासणं जास्त होतं आणि तो झिजतो. शेवटी दोघींना असा एकच आकार उरतो, जो कसाही फिरवला तरी बसतो. तो म्हणजे चेंडूच्या पृष्ठभागाचा तुकडा. पण त्यासाठी सगळ्या बाजू खरोखर मिळायला हव्यात. एकाचा हात डावीकडे दाबतो, दुसऱ्याचा उजवीकडे, कोणाचा थरथरतो. या झाल्या यादृच्छिक चुका (ज्यांना ठरलेली बाजू नसते अशा). त्या पुष्कळ झाल्या की एकमेकींना खोडून टाकतात. एकाच माणसाने एकाच जागी उभं राहून केली ती पद्धतशीर चूक (नेहमी एकाच बाजूला झुकणारी). ती कितीही वेळा केली तरी खोडली जात नाही, उलट खोल जाते.

कोपऱ्यात उभा असलेला आकडेराव हे सगळं ऐकत होता. तो पुढे आला आणि म्हणाला की त्याचा हात मुळीच थरथरत नाही, प्रत्येक घासा केसभरही न चुकता आधीच्या घाशासारखा असेल, तर रात्रीत काम उरकून देऊ का. आजी हसल्या. "म्हणूनच एकट्याच्या हाती देत नाही, बाबा. तुझी बारीकशी चूकही दर वेळी सारखीच असणार."

शाल्मलीच्या डोक्यात एकदम लख्ख झालं.

"तुझ्या मोजणीचंही तेच झालंय," ती आकडेरावला म्हणाली. "तू एकाच जागी उभा राहून पुस्तकांच्या चकत्या मोजतोस. हजारदा मोजलंस तरी शून्यच येणार. जमिनीवरचं वर्तुळ तुझ्या मोजणीत बसत नाही, तर दोष वर्तुळाचा की मोजणीचा?"

आकडेराव वळून वर्तुळापाशी वाकला. डोळ्यांतला झोत पुन्हा त्या झिजेवर पडला.

शनिवारी सकाळी केळुसकर बाई कुलूप घेऊन आल्या, तेव्हा पिंप खोलीत नव्हतं. शाल्मलीच्या वर्गातल्या मुलांनी ते लोटत लोटत वाचनालयाच्या पुढच्या ओटीवर, ऐन रस्त्याच्या कडेला आणून ठेवलं होतं. बाईंनी कपाळाला आठ्या घालून हे काय म्हणून विचारलं.

शाल्मली पिंपासमोरून हलली नाही. "खोली बंद करा, बाई. आम्ही ओटीवर घासू. ओटी बंद केलीत तर रस्त्यावर घासू. आरसा पुरा होणार आहे."

बाई खोलीला कुलूप ठोकून निघून गेल्या. आणि शाल्मली निघाली ती थेट बंदरावर, तांडेलकाकांकडे. तिथे मान खाली घालून तिने माफी मागितली. असली माफी फार जड जाते, पण तिने मागितली. काका जाळ्याची गाठ मारत म्हणाले, "गो बाय, माजो हात थरथरता. मी लांबच बरो."

"म्हणूनच हवाय तुमचा हात," शाल्मली म्हणाली, आणि वाट्या-कौलांची गोष्ट तिने त्यांना सगळी सांगितली.

काका आले. पिटाळलेली पोरं आली. आता पिंप रस्त्यावरूनच दिसत होतं, त्यामुळे मासळीच्या टोपल्या उतरवून बायका दोन फेऱ्या मारून जाऊ लागल्या, शाळेचे मास्तर आले, कुरुंद म्हणजे काय हे विचारायला आलेला न्हावी अर्धा तास फिरत राहिला. कोणी विचारलं की शाल्मली वाटी नि कौल दाखवायची. मधेच आकडेराव रांगेत उभा राहिला. त्याला इतरांइतक्याच फेऱ्या मिळाल्या, एकही जास्त नाही. आपली फेरी झाल्यावर तो पहिल्यांदाच पुस्तकांच्या चकत्या सोडून माणसं मोजायला लागला. कोण आलं, काय विचारलं, जाताना दुसऱ्या कोणाला काय समजावलं.

सोमवारच्या सभेआधी मुकादम आजींनी पुन्हा चौकटी आखल्या. चकती पाव फिरवून घासली आणि उचलली. काचेवर एकही रेघ उरली नव्हती. तांडेलकाकांनी थरथरत्या बोटाने काच चाचपली आणि डोळे पुसले.

सभेत आकडेरावने अहवाल वाचला. मागच्या खोलीचा वापर शून्य हा निष्कर्ष तो मागे घेत आहे. मोजण्याची पद्धत एकाच बाजूला झुकलेली होती. वाचनालय म्हणजे तिथून काय बाहेर गेलं एवढंच, असं धरणारी मोजणी तिथे काय घडलं ते बघू शकत नाही. जिल्ह्यातल्या ज्या ज्या वाचनालयांना त्याने शून्य दिलं होतं, त्या सगळ्यांची जमीन तो आता पुन्हा तपासणार आहे.

केळुसकर बाईंना हे फारसं रुचलं नाही. पुढच्या आढाव्यापर्यंत, असं बजावून त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. मुकादम आजींनी ती उचलली. आता खोलीत आरशाला झिलई द्यायची होती, त्यावर चांदीचा मुलामा चढवायचा होता, आणि हिवाळ्यात शनी.

मुलं पिंप परत आत न्यायला लागली, तेव्हा शाल्मलीने त्यांना थांबवलं. आरसा आत जाऊ दे, पिंप इथेच राहू दे. दुसऱ्या आरशाच्या काचा उद्या येणार आहेत, आणि तो रस्त्यावरच्या लोकांचा.

आकडेराव ओटीवर वाकून बसला होता. त्याने डोळ्यांतला झोत पाडला. पिंपाभोवती, अजून पुसट, एक पांढुरकं वर्तुळ उमटायला लागलं होतं.

"झिजेचं कारण?" शाल्मलीने विचारलं.

"माणसं," आकडेराव म्हणाला.