होसियत-ओपाची जागा

कोकंद शहराच्या जुन्या बाजाराचं छप्पर उतरवून नवं चढवायचं आणि धंदा एक दिवसही बंद पडू द्यायचा नाही, हे काम मी घेतलं तेव्हा लोक हसले. आंघोळ करणार पण केस भिजू देणार नाही म्हणते ही मुअत्तर, असं म्हणायचे. मी म्हटलं, बघत राहा. नगर कचेरीची अटच तशी होती. एक दिवस जरी बाजार ओस पडला, तर जागा समोरच्या मॉलवाल्याच्या घशात जाणार आणि आमचे दुकानदार रस्त्यावर येणार.

युक्ती साधी होती. मधोमध प्लायवूडची भिंत. अलीकडे विक्री, पलीकडे तोडफोड. ठोकाठोक दुपारनंतर, गिऱ्हाईक ओसरल्यावर. रांगा जशाच्या तशा हलवायच्या, ज्याचा जो शेजारी तोच ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाईक चुकत नाही.

अडलं एकाच ठिकाणी. अक्रोडवाले सोबित-अका आणि जर्दाळूवाली नफोसत यांच्यामध्ये एक फळी रिकामी होती. तिथे नान विकणारी होसियत-ओपा, म्हणजे सगळ्या बाजाराची थोरली ताई, वारली त्याला बरीच वर्षं झाली. इथे जागेची मारामार, म्हणून मी ती फळी काढायला सांगितली. सोबित-अका एरवी थट्टेखोर माणूस, पण तेव्हा हसले नाहीत.

"राहू दे, पोरी. आम्ही इकडेतिकडे गेलो की तीच बघते."

"बघायची," मी म्हटलं.

"बरं, बघायची," ते म्हणाले आणि अक्रोड निवडू लागले.

चीड आली, पण भांडत कोण बसणार? ठेवली फळी. मग लक्षात आलं, तोडफोडीची धूळ सगळ्या फळ्यांवर बसते, तिच्यावर बसत नाही. मी वाऱ्याची वाट शोधली. वारा नव्हताच.

आमच्या बाजारात कुणाला कुठे जायचं असलं की तो मालावर फडकं टाकतो, शेजाऱ्याला "लक्ष ठेव" म्हणतो आणि जातो. शेजारी विकतो. कुठे चाललास, कधी येशील, असं विचारत नाहीत. विचारणं म्हणजे अपमान.

सोबित-अकांच्या नातवाचं लग्न निघालं. आमच्याकडे लग्नात पहाटेचा पुलाव पुरुषांना, बायका लग्नघरी कामाला. प्रत्येकाने शेजाऱ्याला सांगितलं आणि शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याला. सगळा बाजार जेवायला गेला!

मी आले तेव्हा ऊन वर आलं होतं. फाटक उघडं, फडकी अंथरलेली, चिटपाखरू नाही. तेवढ्यात कचेरीतल्या शुहरत-अकांची गाडी दारात थांबली. न सांगता तपासणी. मी म्हटलं, आधी चहा घेऊ. ते म्हणाले, आधी बाजार. आणि एकटेच आत गेले. मी फोनवर फोन लावत होते. लग्नाच्या गोंगाटात उचलतंय कोण? संपलं, मला वाटलं. तीसेक कुटुंबं माझ्या हातून उघड्यावर पडली.

शुहरत-अका बाहेर आले. दोन्ही हात भरलेले.

"झकास चाललंय की! एक म्हातारी अख्खा बाजार सांभाळतेय. चिवट बाई, भावात एक सोमसुद्धा सोडला नाही."

त्यांच्या काखेतल्या नानमधून वाफ निघत होती.

"आणि बाकीचे?" मी कसंबसं विचारलं.

"जेवायला गेलेत म्हणाली. येतील म्हणाली."

'बाजार चालू' असा शेरा मारून ते गेले. मी आत गेले नाही. खोटं कशाला सांगू, मंडळी येईपर्यंत फाटकातच बसून राहिले.

मंडळी तेलकट मिशा पुसत परतली. फडकी उचलली, माल कमी झालेला पाहिला आणि प्रत्येकाने 'रहमत' म्हणत शेजाऱ्याचे आभार मानले. कुणी काही विचारलं नाही.

आणि आम्ही जिंकलो! छप्पर चढलं, बाजार एक दिवसही मिटला नाही. मॉलवाला आंबट तोंडाने अभिनंदन करायला आला, त्याला मी मुद्दाम दोनदा चहा पाजला. त्या आनंदातच नव्या छपराखाली शेवटच्या रांगेची आखणी करायला गेले. ओपाची जागा आता मी स्वतःच मोजणार होते, चांगली ऐसपैस.

टेपचं टोक पलीकडे सरकवून सवयीने म्हटलं, "धर गं."

टेप ताणली गेली. मी माप घेतलं, खडूने खूण केली. मग आठवलं, सगळे दुपारचं जेवायला गेले होते.

"रहमत, ओपा," मी म्हटलं.

टोक सुटलं. हळूच, माझ्या बोटाला लागू नये असं.