गळका मास्क

"गळतो," कोणीतरी म्हणालं, आणि तिच्या दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर डायव्हिंगचा मास्क येऊन पडला.

तिने मान वर केली. आधी मिशी दिसली. मग, जरा सावकाश… माणूस.

मास्कची रबरी कड तिने बोटांनी चाचपली. पट्टा न लावताच चेहऱ्यावर टेकवला, नाकाने श्वास ओढला. मास्क चिकटून बसला.

"ठणठणीत आहे."

"माझ्या तोंडावर गळतो."

"मग तोंड ठेवून जा दुरुस्तीला."

दुसऱ्यांदा आला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने सांगूनच टाकलं, "मिशीतून पाणी शिरतं. काढा ती."

"ही? आजोबांपासून चालत आलीय!"

"आजोबा समुद्रात उतरायचे?"

"छे! विहिरीलासुद्धा घाबरायचे."

*

शनिवारी आतेबहिणीचं, म्हणजे तिच्या पाण्यातल्या जोडीदाराचं, नाक चोंदलं; अशा नाकाने खोल पाण्यात उतरता येत नाही. झालं! उद्या मोसमातली शेवटची बोट, बुडालेल्या जहाजावर माशांची अंडी फुटायची वेळ. वर्षभर तिने याच दिवसाची वाट पाहिली होती. आणि जोडीदाराशिवाय पाण्यात उतरायचं नाही, हा नियम दुकानाच्या भिंतीवर तिनेच रंगवलेला…

मिशीवाल्याला फोन.

— उद्या येता?

— मी?

— बहिणीला सर्दी झालीय.

— देव तिचं भलं करो!

— मास्क गळला तर बोटीवरच बसवून ठेवीन. आणि मग मीही उतरणार नाही.

— …येतो.

*

बोटीवर एक पाठमोरा माणूस हवेची टाकी बांधत होता. वळला. ओठांवरची जागा सोललेल्या बटाट्यासारखी पांढरी.

"अगं बाई! घरचे काय म्हणाले?"

"आईने ओळखलं नाही. बाबांनी ओळखून ओळख दाखवली नाही."

हसू दाबत ती तपासणीला लागली. "श्वास घ्या. हवेच्या दाबाच्या काट्याकडे बघा." श्वासागणिक काटा खाली झुकत होता. "टाकी अर्धवटच उघडलीय. लक्ष कुठे असतं?"

तिने व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. काटा स्थिरावला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "पहिल्यांदा मास्क खरंच गळत होता. नंतर दोनदा आलो ना… तेव्हा मी पाण्यात गेलोच नव्हतो."

तिच्या हातातलं बकल उगाचच दोनदा लागलं, दोनदा सुटलं.

"मास्क," ती कशीबशी म्हणाली.

त्याने टेकवला, श्वास ओढला. चिकटला! ती हसली. तोही हसला, गालांना वळ्या पडल्या आणि मास्क टपकन हातात.

"पाण्यात हसायचं नाही," तिने दम भरला.

"मग तुमच्याकडे बघायचं नाही?"

"बघायचं. जोडीदारावर नजर ठेवावीच लागते."

*

खाली बोलता येत नाही. नुसते हात.

तिचं बोट: तिकडे!

गंजलेल्या कठड्यावर अंडी फुटत होती, चांदीची धूळ उडावी तशी पिल्लं.

त्याचा अंगठा आणि तर्जनी जुळलेली: छान.

ती वळली. त्याच्या मास्कमध्ये पाणी. म्हणजे हा हसतोय! तिने नाकाकडे बोट दाखवलं: फुंका, पाणी काढा. आणि तेवढ्यात तिच्याच नाकाला खारट गारवा लागला…

वर येताच तो म्हणाला, "तुमचा मास्क गळतोय. दुरुस्तीला टाका."

तिने मास्क काढून त्याच्या हातात दिला.

"तूच बघ ना."